बाप एकटा दोषी नाही

अल्पवयीन पोरीचं लग्न लावून देणाऱ्या बापाची ही कथा. त्यातला बाप फारच एकसुरी खलनायक झालाय हे एका वाचकाचं मत पटलं, पण ‘बालविवाह आता कुठे होतात’ हे त्यांचं म्हणणं नाही. आमच्या बीडकडे पोरींची लग्नं ऊसतोडणीला निघायच्या आत उरकतात, कारण मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते नवरा-बायकोच्या जोडीला. जोडी म्हणजे एक कोयता; एकट्या पोराचा अर्धाच कोयता, पैसेही निम्मे. शिवाय आई-बाप पाच-सहा महिने साखर कारखान्यावर. वयात आलेली पोर मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? हा हिशोब लेखकाने टाळला, ‘रूढी’ म्हणून मोकळा झाला.

आणि कायदा म्हणाल तर 2006 च्या कायद्याखाली आपल्याकडे खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. आमच्याकडच्या एका लग्नात अक्षता टाकायला तोच पुढं होता!