नंबर सारखा म्हणजे बॅग नकली?

दोन बॅगांवर एकच नंबर दिसला म्हणजे एक तरी नकली, असं बरेचजण म्हणतात, ते कोच या अमेरिकी हँडबॅग ब्रँडच्या बाबतीत पटत नाही. १९९४ च्या आसपासपासून त्यांच्या आतल्या चामड्याच्या पट्टीवरचा नंबर त्या एकट्या बॅगेचा नसतो. माझ्याकडच्या विलिस मॉडेलच्या काळ्या बॅगेवर ए७सी-९९२७ आहे, त्यात ए म्हणजे जानेवारी, ७ म्हणजे ९७ साल, सी कारखान्याचा आणि ९९२७ हा विलिस मॉडेलचाच नंबर, मग त्या महिन्यात तिथे बनलेल्या सगळ्या विलिसवर हेच असणार ना! त्याआधीच्या बॅगांवर मात्र नुसते आकडे असतात, त्यावरून मॉडेल कळत नाही, आणि सत्तरच्या दशकातल्या कितीतरी बॅगांवर नंबरच नाही, म्हणून त्या नकली समजून फेकून देऊ नका प्लीज.

मी न्यू जर्सीत इस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथून) कोचच्या बॅगा घेते तेव्हा आधी आत हात घालून बघते, जुन्या बॅगांना बहुतेक अस्तर नसतं, चामड्याची खरखरीत मागची बाजूच बोटांना लागते. मग बॅग बंद करायच्या फिरकीच्या पितळी कडीला लोहचुंबक लावते, पितळ असेल तर चिकटत नाही. आणि विकताना "उत्तम अवस्थेत" एवढंच लिहू नका हो, चारही खालच्या कोपऱ्यांचे जवळून फोटो टाका, पट्ट्याची लांबी सगळ्यात लांब भोकावर मोजून लिहा. माझी एक बॅग फक्त कोपऱ्यावरचा रंग उडालेला आधी दिसला नाही म्हणून परत आली होती, बाकी बॅग अस्सल होती.