मदत हवी आहे: शाकाहारी आईला घेऊन फ्रान्समधल्या दोर्दोन भागात सहा दिवस

मंडळी, सप्टेंबरमध्ये आईला फ्रान्सला न्यायचं ठरतंय. मी म्युनिकला असतो, ती पुण्याहून येणार आहे. पॅरिसला दोनच दिवस, मग सहा दिवस दोर्दोन नदीच्या भागात, मुक्काम सार्ला गावात. हाच भाग का, तर लास्को, म्हणजे आदिमानवाने काढलेल्या चित्रांची गुहा. आईने २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि दरवर्षी सातवीच्या वर्गात ती फळ्यावर लास्कोचा तो मोठा बैल काढायची, घरी खाकी कागदावर गेरूने काढलेला एक अजून आहे, कडा फाटल्यात पण टाकू देत नाही. येणाऱ्या लोकांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे हे तिला माहितीये. मोंतिन्याकला २०१६ मध्ये सुरू झालेली प्रतिकृती आम्ही बघूच, पण एक तरी खरी गुहा, खऱ्या दगडावरची रेघ तिला बघायला मिळावी असं फार वाटतंय. फों द गोम या गुहेत खरी रंगीत चित्रं आहेत पण तिथे चढ आहे आणि तिचे गुडघे दुखतात. दुसरं काही जमेल का?

दुसरा प्रश्न जेवणाचा, आणि मला जास्त काळजी याचीच आहे. मागच्या वर्षी कोलमारला गेलो होतो, नदीकाठची लाकडी पट्ट्यांची घरं बघत फिरताना अडीच कधी वाजले कळलंच नाही, जिथे जाऊ तिथे किचन बंद. शेवटी एक जागा मिळाली, मांस नको म्हणून तीनदा सांगितलं तरी सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे, परत पाठवलं तर ते तुकडे वेचून तीच प्लेट पुन्हा आणून ठेवली. आई काही बोलली नाही, पावाचा तुकडा मोडून खात बसली. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. आणि दोर्दोन म्हणजे तर बदक आणि हंसाचाच मुलूख! अंडं केकमध्ये चालतं, ऑम्लेट नको. रोज खोलीवर खिचडी करायची नाहीये, तिला गावातल्या चौकात बसून निवांत जेवायला घालायचंय. काय मागवू?

प्रतिसाद १:
मी तूलूझला राहतो, त्या भागात बऱ्याचदा जातो. गुहेसाठी रूफिन्याकला जा, आत छोट्या इलेक्ट्रिक ट्रेनमधून नेतात, चढउतार नाही, आणि मॅमथ, घोडे, गेंडे सगळं मूळचं, काळ्या रेघांत काढलेलं. रंग फारसे नाहीत पण काकू चित्रकलेच्या शिक्षिका म्हणजे त्यांना ती रेघच आवडेल बघा. आत गारठा असतो, स्वेटर ठेवा.

जेवणात एक लक्षात ठेवा, सार्लाचे बटाटे दिसायला शाकाहारी पण बदकाच्या चरबीत परततात. ऑर्डर देतानाच ‘सां व्यांद, सां ग्रेस द कानार’ म्हणायचं, म्हणजे मांस नको, बदकाची चरबी नको. सूपमध्ये पण मांसाचा स्टॉक असू शकतो, विचारून घ्या. काबेकू म्हणजे बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, ते गरम करून सॅलडवर देतात, वर अक्रोड आणि अक्रोडाचं तेल, हे मागवाच. शेवटी अक्रोडाचा केक. बुधवारी आणि शनिवारी सार्लाचा बाजार असतो, तिथून चीज, पाव, अंजिरं घ्या आणि ला रोक गाजाकला नदीकाठी बसून खा. दुपारचं जेवण बारा ते दीड याच वेळेत उरका.

धागाकर्ता:
खूप खूप आभार! आईला फोनवर रूफिन्याकचं सांगितलं तर तिने लगेच विचारलं, ट्रेन वाटेत थांबते का, स्केचबुक काढता येईल का. कोणी आत गेलं असेल तर प्लीज सांगा, आणि गाडी भाड्याने न घेता सार्लाहून तिथे टॅक्सीने जाणं परवडेल का?