नोकरी, उपासना, एमए आणि सेल्टा: वेळ बसवायचा कसा?

प्रश्न: दिवसा नोकरी, संध्याकाळी एमए. इंग्रजी शिकवण्यासाठी सेल्टाही (केंब्रिजचा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स) करायचंय. रोजची प्रार्थना, उपवास सोडायचे नाहीत. जमेल?

उत्तर १: नोकरी सांभाळून पूर्णवेळ सेल्टा विसरा, अर्धवेळच घ्या. किमान 120 तास, त्यात 6 तास प्रत्यक्ष शिकवणं, शिवाय 750 ते 1000 शब्दांचे चार लेखी स्वाध्याय. खरा वेळ खातं ते पाठ-टाचण. लोक वर्कशीट सजवत बसतात! आधी पाठाचा हेतू एका वाक्यात लिहा, मग शेवटी विद्यार्थी काय बोलणार ते ठरवा आणि तिथून उलटं मागे या.

उत्तर २: प्रार्थनेच्या वेळा, सणांच्या तारखा प्रवेशाच्या मुलाखतीतच सांगा. शिकवण्याचे पाठ गटात वाटलेले असतात. मागाहून बदल म्हणजे दुसऱ्याचा पाठ हलवणं. निर्जळी उपवास असेल तर शक्यतो सकाळचा पाठ मागा, नंतर घसा साथ देत नाही.

उत्तर ३: एमएचा प्रबंध त्याच सत्रात नको. आणि व्याकरण कोर्सआधीच उरका. सिंपल पास्ट आणि प्रेझेंट परफेक्टमधला फरक पाठाच्या आदल्या रात्री वाचायला घेतलात की झोपही जाते आणि पहाटेची प्रार्थनाही.