सल्ला हवा: जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतीसेवेचा डिप्लोमा) तिसऱ्या वर्षासाठी ८० तासांची स्थानिक पुरवणी

शिरपूर_ट्यूटर: नमस्कार. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमाला हात लावायचा नाही. त्याच्या जोडीला ८० तास बसवायचे आहेत. आमच्या बऱ्याच मुली पुढे शहादा, धडगाव, चोपड्याकडे कामाला लागतात. विषय सुचवा. साहित्याला ६० हजारांवर एक रुपया मिळणार नाही.

सातपुडा_सिस्टर: ताई, सिकलसेलला (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) २० तास द्याच. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे त्याची पहिली झटपट चाचणी, पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही टेस्ट करूच नये. गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, खोटी निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात.

वॉर्ड_इन्चार्ज: प्रसूतीचा सेन्सरवाला मॅनिकिन (सरावाचा माणसाएवढा पुतळा) घ्या. आमच्याकडे आहे, रक्तस्रावसुद्धा दाखवतो. तीन-चार लाख जातात, पण वसूल होतात.

जळगावकर७: घ्याल तर पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात कातडी चिकट होते, सांधे सैल पडतात.

तापीकाठ: सर्पदंश विसरू नका. रक्त गोठतं का ते बघायला पेशंटचं २ मिलि ताजं रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष धरून चाला. लहान मुलालाही एएसव्हीचा (सापाच्या विषावरच्या लसीचा) डोस मोठ्या माणसाइतकाच, हे ठासून शिकवा.

वॉर्ड_इन्चार्ज: लाल झाकणाची व्हॅक्युटेनर (रक्त घ्यायची तयार नळी) चालते की, काचेची कुठे शोधत बसणार?

तापीकाठ: नाही चालत. प्लॅस्टिकच्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठवणारं द्रव्य असतं, निकाल फसवा येतो. डिटर्जंटने धुतलेली काचेची नळीही नको, तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही. नवीच वापरा, स्वस्त मिळते.

सातपुडा_सिस्टर: सिकलसेलचे तास कापू नका, पुन्हा सांगते.

लेबररूम_धुळे: मॅग्सल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणातल्या झटक्यांवरचं इंजेक्शन) हातात बसवा. ५० टक्क्यांच्या २ मिलि अँप्युलमध्ये १ ग्रॅम. झटक्याच्या बाईला पुढे पाठवण्याआधी प्रत्येक कुल्ल्यात खोलवर ५ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला १० मिलि. गडबड होते ती मिलि आणि ग्रॅममध्ये. पुढचा डोस देण्याआधी श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो तो शाबूत, लघवी तासाला ३० मिलि, हे तिन्ही बघायचं. मॅग्सल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये हवंच.

जळगावकर७: धुळेकरांशी सहमत. आणि मॅनिकिनला एसी लावा.

शिरपूर_ट्यूटर: सगळ्यांचे आभार. मॅनिकिन घेत नाही. नवजात बाळाच्या दोन अँबू बॅग (दाबून श्वास द्यायच्या पिशव्या), साधे बाहुले, काचेच्या नळ्या आणि सरावाला सिरिंज घेते. सिकलसेलला ८ तास, मॅग्सल्फ आणि सर्पदंशाला मिळून ३०. सर्वात मोठा एकच विषय, २४ तासांचा, कुणीच सुचवला नाही तो ठेवतेय: कीटकनाशकाची विषबाधा. कपाशीच्या फवारणीत हे पेशंट येतातच. आधी हातमोजे, मग कपडे उतरवून साबणाने अंग धुणं. अ‍ॅट्रोपिनची (या विषबाधेवरचं औषध) अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. डॉक्टरांनी ३ मिलिग्रॅमने सुरुवात करून दर ५ मिनिटांनी दुप्पट सांगितलं की मात्रा ३, ६, १२ मिलिग्रॅम अशी चढते. फोडणं, भरणं, वेळ लिहिणं एकटीला जमत नाही, म्हणून जोडीनेच सराव. छाती मोकळी झाली, नाडी ८० च्या वर गेली की डॉक्टरांना सांगायचं, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार बघत बसायचं नाही. उरलेले १८ तास अँबू बॅग आणि परीक्षेला. लेखी पेपर नाही, ५-५ मिनिटांची स्टेशनं, म्हणजे प्रत्येक टेबलावर एक काम करून दाखवायचं.

वॉर्ड_इन्चार्ज: तरी मॅनिकिनचं बघा.