आजोबांच्या ट्रंकेतील जपानी ध्वज अस्सल आहे का, आणि त्याचे मोल कसे ठरवावे?

खानापूरकर
नमस्कार. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९४४ साली मणिपूर-ब्रह्मदेश आघाडीवर लढले, असे घरात सांगतात. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पांढऱ्या रेशमी कापडाचा एक ध्वज मिळाला असून मध्ये तांबडा गोल आणि भोवती काळ्या शाईने लिहिलेली जपानी अक्षरे आहेत. बेळगावातील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तो नकली असल्याचे सांगितले, पण लगोलग रोख पैसे देऊन घ्यायचीही तयारी दाखवली. त्याची पारख कशी करावी?

निपाणीचा संग्राहक
नकली वस्तूसाठी रोख मोजणाऱ्याच्या मताला किती वजन द्यायचे, हे आपणच ठरवावे. वर्णनावरून हा 'योसेगाकी हिनोमारू' दिसतो. जपानी सैनिक आघाडीवर निघताना आप्त, शेजारी आणि सहकारी अशा ध्वजावर सह्या करून तो त्याच्या हाती देत, आणि बहुधा वरच्या बाजूस 'बुउन चोक्यू', म्हणजे युद्धात भाग्य अखंड लाभो, ही चार अक्षरे ठळक लिहिलेली असत. सह्या अनेकांनी केलेल्या असल्यामुळे वळण, दाब आणि कुंचल्याची जाडी जागोजागी बदलायला हवी. सगळी अक्षरे एकाच हातची वाटली तर सावध व्हावे. खऱ्या शाईचा ओलावा धाग्यांच्या कडेने किंचित पसरलेला असतो आणि मागील बाजूसही उमटलेला दिसतो. दोरी बांधण्याच्या दोन कोपऱ्यांवर कातड्याची किंवा कागदाची त्रिकोणी ठिगळे आहेत का, तेही पाहावे.

अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारल्यास युद्धानंतरचे कापड पुष्कळदा निळसर पांढरे चमकते, कारण त्यात उजाळा देणारी रसायने असतात. मात्र घरात कुणी ध्वज साबणाच्या पावडरीत धुतला असेल तर अस्सल कापडही चमकेल, त्यामुळे या एका चाचणीवर निकाल देऊ नये.

वडगावचा विणकर
माझी भर फक्त कापडापुरती आहे. ठिगळ ज्या दोऱ्याने शिवले आहे, त्याचे सुटलेले टोक असल्यास तेवढेच जाळून पाहावे. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, तर पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. तसा मणी झाला तर ती शिलाई युद्धकाळातली नाही, मग ध्वज नवा असो वा नंतर दुरुस्त केलेला. ध्वज मुळीच धुऊ नये, तांबडा रंग पांढऱ्यात उतरतो. पावसाळ्यापूर्वी ट्रंकेतून काढून आम्लविरहित कागदात गुंडाळावा. घडी घालू नये, कारण जुने रेशीम घडीवरच तुटते.

चिकोडीचा वाचक
मोलाबद्दल लिहितो. विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली पाहावी. सह्यांची संख्या, सैनिकाचे नाव वाचता येणे, कापडाची अवस्था आणि कागदोपत्री इतिहास यांवर ती अवलंबून असते. हा शेवटचा भाग आपल्याकडे जमू शकतो. मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या लढाईत होती. आजोबांचे सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद आणि बर्मा स्टार पदक सापडले, तर त्यांवरून बटालियन आणि आघाडी दोन्ही जुळवून पाहता येतील. घरातल्या आठवणी वेगळ्या कागदावर लिहाव्यात, त्या कागदपत्रांच्या पुराव्यात मिसळू नयेत.

माझे मत विचाराल तर विकण्याआधी ध्वजावरचे नाव वाचून घ्यावे. अमेरिकेतील ओबोन सोसायटी ही संस्था असे ध्वज मूळ कुटुंबांकडे पोहोचवते. परदेशी पाठवायचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा.

खानापूरकर
आभारी आहे. एका कोपऱ्यावर कातड्याचे ठिगळ आहे, दुसरे निघून गेले आहे, पण टाक्यांची भोके स्पष्ट दिसतात. व्यापाऱ्याला तूर्त नकार कळवला आहे आणि नाव वाचून देणारा जपानी जाणकार शोधत आहे.