मदत हवी आहे: रात्री नऊनंतर पिंग २०० च्या वर, गेमिंग राउटर घेऊ का?

वाघबीळचा_वाघ:
मंडळी, पटकन सांगा, सेल रविवारी संपतोय.
दिवसा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २०-२५ मिलिसेकंद असतं. रात्री नऊ वाजले की १५०, २००, मधेच ४००. भिंतीआड जाऊन उभा राहिलो तरी मरतो, कारण सर्व्हरच्या हिशेबाने मी अजून उघड्यावरच असतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्ट १९० च्या पुढे येते. वायफाय नाही, केबल लावली आहे. नेटवाल्यांचा माणूस "लाइन क्लिअर आहे साहेब" म्हणून चहा पिऊन गेला. आता १८ हजारांचा आठ अँटेनांचा गेमिंग राउटर बघून ठेवलाय. घेऊ का? हो की नाही एवढंच सांगा. "वायफायवर खेळता का" असं विचारणाऱ्यांनी वरचं परत वाचावं.

तांत्रिक_मांत्रिक:
गेम कुठला? पीसी की कन्सोल? सर्व्हर कुठला निवडलाय? राउटर तुमचा की नेटवाल्यांनी दिलेला? ताप किती आहे हे न सांगता औषध मागताय राव.

वाघबीळचा_वाघ:
व्हॅलोरंट. पीसी. सर्व्हर मुंबई, ठाण्यात बसून आणखी कुठला निवडणार? राउटर त्यांचाच, पांढरा डबा. झालं? आता सांगा, घेऊ?

कोपरीचा_कट्टा:
राउटर नको, नेट बदला. मी मोठ्या कंपन्यांचा नाद सोडून गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलं. नावाला ५० एमबीपीएस, पण फोन केला की पोरगा शिडी घेऊन दारात हजर. पिंगबिंग मला कळत नाही, पण क्रिकेटची मॅच कधी अडकलेली नाही.

तांत्रिक_मांत्रिक:
मॅच बघणं आणि गेम खेळणं यात फरक आहे हो. व्हिडिओ पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवतो, मधे थोडा खड्डा पडला तरी तुम्हाला कळतही नाही. गेमला उसनवारी चालत नाही, आत्ताचं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, आत्ताच पोचावं लागतं. म्हणून ५० वर गेम मक्खन चालतो आणि ५०० वरही रडू शकतो.

नौपाड्याचे_काका:
ऑनलाइन गेमवर सरकारने बंदी आणली असं वाचलं होतं. तरी हे सर्रास चालू आहे?

सिद्धी_सानपाडा:
काका, ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, रमी वगैरे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिली आहे. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली ते प्रकरण निराळं, ते चिनी ॲप्सचं. धागाकर्ते यातल्या कशातच बसत नाहीत, ते फुकट मरतायत.

नौपाड्याचे_काका:
बरं बरं. आमच्या नातवाला हे सांगू नका.

केबलपुराण:
मी महापेला डेटा सेंटरमध्ये कामाला आहे, असल्या तक्रारी रोज ऐकतो. वाघोबा, राउटर घ्यायच्या आधी पाच मिनिटं द्या. आज रात्री दहाला, पिंग बोंबलत असताना, पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी घरच्या राउटरलाच पिंग करा. त्याचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, नसेल तर आयपीकॉन्फिग लिहून "डिफॉल्ट गेटवे" बघा. मागे -टी लावा म्हणजे ते चालू राहील. मग दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. दोन्हीचे आकडे इथे टाका. पहिला आकडा स्थिर आणि दुसरा उड्या मारत असेल, तर दोष बाहेर. पहिलाच उड्या मारत असेल, तर दोष घरात.

खारघरचा_खटपट्या:
एवढं कशाला? पॉवरलाइन अडॅप्टर घ्या. एक जोडी, एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, एक पीसीजवळ. विजेच्या तारेतूनच नेट जातं. माझ्याकडे व्यवस्थित चालू आहे, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही.

तांत्रिक_मांत्रिक:
ते केबलवर आहेत म्हणतायत ना! मग पॉवरलाइन कशाला? आणि तो प्रकार दोन प्लग एकाच फेजवर असतील तर. मधे सर्ज प्रोटेक्टर आला की बोंब. मिक्सर लावला की चटणी होते ती सिग्नलची.

खारघरचा_खटपट्या:
मी मिक्सर रात्री दहाला लावत नाही. तुम्ही लावता का?

वाघबीळचा_वाघ:
हे घ्या, रात्री १०:१०. राउटरला: ४, १३८, ९, २११, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", ६७. ८.८.८.८ ला त्यातच अजून १०-१५ मिळवा. म्हणजे राउटर खराब, मी आधीपासून तेच म्हणतोय. ऑर्डर करू?

केबलपुराण:
थांबा! घरातल्या घरात केबलवर राउटरला पिंग करताना आकडा १ च्या वर जाता कामा नये. विंडोज बऱ्याचदा "१ पेक्षा कमी" असंच दाखवतं. २११ केबलवर येऊच शकत नाही. तुमची केबल नेमकी कुठून निघते आणि कुठे जाते?

वाघबीळचा_वाघ:
कुठून कुठे म्हणजे? पीसीतून डब्यात. बेडरूममध्ये वायफायची रेंज वाढवणारा, प्लगला लावायचा एक्सटेंडर आहे, त्याला खाली लॅनचा पोर्ट असतो, त्यात. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आहे. सगळ्यांच्या घरी असंच असतं.

सिद्धी_सानपाडा:
😂😂😂

तांत्रिक_मांत्रिक:
दंडवत घ्या. म्हणजे पीसी ते एक्सटेंडर तीन फूट केबल आणि एक्सटेंडर ते राउटर वायफाय. तुम्ही वायफायवरच खेळताय हो.

वाघबीळचा_वाघ:
पीसीत केबल घुसली आहे की नाही? मग? आणि वायफाय असतं तर स्पीड टेस्ट १९० कशी आली असती?

केबलपुराण:
स्पीड टेस्ट कुठे केली?

वाघबीळचा_वाघ:
फोनवर. हॉलमध्ये. रेंज तिथे चांगली येते म्हणून.

केबलपुराण:
मिळालं उत्तर. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ घोडबंदर रोडवरच्या निम्म्या टॉवरांत असणार.

नव्या इमारती मायवानने बांधतात, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खा मजला एकदम काँक्रीटमध्ये ओततात. जुन्या ठाण्यात आतल्या भिंती विटांच्या, इथे हॉल-बेडरूममधली भिंतसुद्धा सळ्या घातलेलं काँक्रीट. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींत जवळजवळ संपतो. मग एक्सटेंडर नाइलाजाने २.४ गिगाहर्ट्झवर राउटरशी बोलतो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वरचे, खालचे, शेजारचे, समोरच्या विंगचे, सगळ्यांचे राउटर त्या तिघांत कोंबलेले. दिवसा लोक ऑफिसात, म्हणून तुमचं पिंग २०. रात्री नऊला सगळे घरी, सगळ्यांच्या सीरियल चालू. वायफायमध्ये हवा रिकामी होईपर्यंत थांबून मग बोलायचं असतं. त्यात साधा एक्सटेंडर एकाच रेडिओवर राउटरचं ऐकतो आणि तुम्हालाही सांगतो, म्हणजे प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा. तुमचे १३८ आणि २११ म्हणजे ही रांग आहे.

आठ अँटेनांनी काँक्रीटला भोक पडत नाही. उत्तर: राउटर घेऊ नका.

मेशमहाराज:
एक्सटेंडर टाकून द्या आणि मेश घ्या, म्हणजे घरभर ठेवायचे, मिळून एकच वायफाय देणारे डबे. ट्राय-बँड, तीन नगांचा सेट. माझ्याकडे अख्ख्या घरात, अगदी बाथरूममध्येसुद्धा, फुल रेंज आहे.

तांत्रिक_मांत्रिक:
बाथरूममध्ये व्हॅलोरंट खेळायचं नाहीये त्यांना. मेशचे दोन डबे आपसात हवेतूनच बोलत असतील तर भिंत तीच आणि शेजारीही तेच. मागून केबल जोडली तर मेश उत्तम, पण केबल ओढायचीच असेल तर सरळ पीसीलाच ओढा ना.

मेशमहाराज:
ट्राय-बँडमध्ये डब्यांच्या आपसातल्या गप्पांना वेगळा रेडिओ असतो. वाचून बोला.

तांत्रिक_मांत्रिक:
त्या वेगळ्या रेडिओला काँक्रीट दिसत नाही का?

ग्रहगोंधळ:
खरी मजा ६ गिगाहर्ट्झमध्ये आहे, तिथे शेजाऱ्यांची गर्दीच नाही. अमेरिकेने २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा वायफायला मोकळा करून टाकला. आपल्याकडे मे २०२५ पर्यंत खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा नुसता मसुदा आला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस५ प्रो जगभर निघाला तेव्हा भारतात आला नाही, आणि सोनीने कारण हेच सांगितलं होतं की त्यातला ६ गिगाहर्ट्झचा वायफाय इथे चालवायला तेव्हा परवानगी नव्हती. एका रेडिओच्या पट्ट्यापायी अख्खं कन्सोल दाराबाहेर! वायफाय ७ चे महागडे राउटर मात्र आपण तेव्हाही हौसेने घेत होतो.

केबलपुराण:
खरं आहे, पण ६ गिगाहर्ट्झ भिंतीतून ५ पेक्षाही कमी जातो. वाघोबांच्या बेडरूमला त्याचा उपयोग शून्य.

ऐरोलीची_खाडी:
माझा वेगळाच प्रश्न आहे. माझ्या खिडकीतून डेटा सेंटरची इमारत दिसते, रात्री दिवेसुद्धा मोजता येतात. रबाळे, महापे, पनवेल, सगळीकडे याच इमारती. तरी माझं पिंग ३५. हाकेच्या अंतरावर असून असं का?

केबलपुराण:
हाकेवर आहे ती इमारत. तुमचं पाकीट खिडकीतून तिथे उडी मारत नाही. आधी तुमच्या नेट कंपनीच्या मुख्य केंद्रावर जातं, मग ती कंपनी समोरच्या नेटवर्कला जिथे भेटते तिथे. ती भेट मुंबईत असेल तर ठीक. कराराच्या भानगडीत चेन्नईला असेल तर ऐरोली ते ऐरोली व्हाया चेन्नई. पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट ही कमांड चालवून बघा, वाटेतली नावं दिसतील.

ग्रहगोंधळ:
आणि पिंगला एक खालची मर्यादा आहे, ती कुठलाच राउटर मोडू शकत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद प्रकाशालाच लागतात. समुद्रातली केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ६० च्या घरात. विज्ञानकथांवर माझा कायमचा राग हाच आहे. हिरो या आकाशगंगेत, व्हिलन त्या आकाशगंगेत, आणि दोघं व्हिडिओ कॉलवर एकमेकांना तोडून बोलतायत! चंद्राशी बोलायचं तरी प्रश्न आणि उत्तर मिळून अडीच सेकंद जातात. मंगळ जवळात जवळ असताना एका बाजूने ३ मिनिटं, लांब असताना २२. मंगळावर वस्ती झाली तर त्यांना त्यांचा सर्व्हर वेगळा लागेल, पृथ्वीवाल्यांशी फक्त पत्रातलं बुद्धिबळ.

कोपरीचा_कट्टा:
क्वांटम एन्टँगलमेंटने ते सुटणार आहे म्हणे. दोन कण, एकाला टिचकी मारली की दुसऱ्याला लगेच कळतं, अंतर कितीही असो.

ग्रहगोंधळ:
टिचकी मारता येत नाही, नुसतं मोजता येतं. आणि मोजल्यावर काय येईल ते तुमच्या हातात नाही. दोन्हीकडची मोजमापं जुळतात हे खरं, पण जुळली की नाही ते बघायला साध्या मार्गाने निरोप पाठवावाच लागतो. त्यातून संदेश जात नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. सिनेमावाल्यांपर्यंत ते पोचलं नाही, बहुधा त्यांचंही पिंग जास्त असावं.

नौपाड्याचे_काका:
सॅटेलाइटचं नेट घेतलं तर? वरून येतं, भिंतीचा प्रश्नच नाही.

केबलपुराण:
काका, डिश गच्चीत लागणार, तिथून खोलीत यायला परत केबल नाहीतर वायफायच. शिवाय टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किमीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, यात सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर होतात, पिंग ४७० च्या पुढेच.

वाघबीळचा_वाघ:
मंगळ झाला, चंद्र झाला, आता माझ्या बेडरूमचं बघणार का कुणी? केबल ओढा म्हणताय, पण हॉलमधून पॅसेजमधून उघडी केबल आईला चालणार नाही. सोसायटी भिंतीला ड्रिल मारू देत नाही. राउटर बेडरूममध्ये हलवला तर हॉलमध्ये बाबांचा टीव्ही बंद पडतो. सेल उद्या संपतोय.

सिद्धी_सानपाडा:
मुख्य दाराच्या मागे वरच्या बाजूला पांढऱ्या झाकणाचा बॉक्स आहे का? लाइटच्या एमसीबीचा नव्हे, त्याच्या शेजारचा. आमच्याकडे होता, आम्ही गणपतीची माळ लावायला वापरत होतो त्याचा खिळा. आतून बिल्डरने प्रत्येक खोलीत टीव्ही आणि फोनसाठी रिकामा पाइप टाकून ठेवला होता. बेडरूममध्ये प्लगशेजारी टीव्हीच्या वायरीचा गोल पॉइंट असेल ना, तो त्याच पाइपचं दुसरं टोक. इलेक्ट्रिशियनने आधी स्प्रिंग घातली, मग तिला बांधून केबल ओढली. ड्रिल नाही, पट्टी नाही, सासूबाईंना कळलंसुद्धा नाही.

खारघरचा_खटपट्या:
पॉवरलाइनला हेसुद्धा लागत नाही. बाकी तुमची मर्जी.

वाघबीळचा_वाघ:
बॉक्स आहे. उघडला. आत पाइपांची तोंडं दिसतायत आणि एक मेलेली पाल. हॉलच्या टीव्हीपर्यंत एक आणि आत दोन पाइप जाताना दिसतात. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन सकाळी येतोय, केबल मी आणून ठेवायची आहे. दुकानदार म्हणतो कॅट ८ घ्या, गेमिंगला तीच लागते, मीटरला भाव विचारून घाम फुटला. घेऊ?

मेशमहाराज:
घ्यायची तर चांगलीच घ्या, पाइपात एकदा गेली की परत निघत नाही.

तांत्रिक_मांत्रिक:
कॅट ८ डेटा सेंटरच्या रॅकमधली. ४० गिगाबिटला बनवलेली आणि तेही ३० मीटरपर्यंतच. तुमच्या २०० एमबीपीएसला ती कशाला? कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात नेते.

केबलपुराण:
कॅट ६ घ्या, भावात फार फरक नाही. फक्त आतली तार पूर्ण तांब्याची आहे का विचारा. "सीसीए" लिहिलं असेल तर ती वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम, ओढताना आतून तुटते. आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर केबल ओढून झाल्यावर बसवायला सांगा, आधी बसवले तर वळणात अडकतात. हॉलमधून बॉक्सपर्यंत एक, बॉक्समधून बेडरूमपर्यंत एक, मधे जोडायला साधा कपलर. दोन्ही पाइपांची लांबी मोजून वर दोन-तीन मीटर जास्त आणा, कापून फेकलेली परवडते.