मदत हवी आहे : सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंपाचा आराखडा

नमस्कार मंडळी,
गेवराईजवळ धुळे-सोलापूर महामार्गाला लागून आमची दीड एकर जमीन आहे. तिथे पंप टाकायचा ठरतोय. परवानगी मिळाली, तर एका बाजूला ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायची सोय करायची माझी फार इच्छा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत यावर अजून बंदी आहे, ओरेगॉनने ती २०२३ मध्ये उठवली. म्हणजे हा प्रश्न तिकडेही सोपा नव्हता.

माझी खरी अडचण मांडणीची आहे. आपल्याकडे मोटारसायकली जास्त आणि हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ट्रॅक्टर वळला की सगळी रांग अडते. म्हणून डिझेल मागे, दुचाकी पुढे, असं डोक्यात आहे. मशीनचे कट्टे रस्त्याला समांतर ठेवावेत की तिरके? तिरके ठेवले तर गाडी सरळ बाहेर निघते असं मला वाटतं, पण जागा किती जास्त लागते? टँकर खाली करायची जागा गिऱ्हाइकांच्या वाटेत न येता कुठे काढावी?

दुसरं, जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. छताच्या खांबांचा पाया आणि फरशी कशी घेतलीत?

आणि पहिल्यांदाच नोझल हातात धरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कळेल अशा मराठी पाट्या कुठे, किती उंचीवर लावाव्यात? कुणी पंप बांधला असेल तर हाताने काढलेला नकाशाही चालेल. पुढच्या आठवड्यात इंजिनिअर आखणीला येणार आहेत.